रानडुकरासाठी बारा बोरात कोणती गोळी? आधी नळी पाहा, मग काडतूस

समुद्रपूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे: आजोबांची बारा बोर दुनळी वारसानं माझ्या नावावर झाली. हरभऱ्यात रानडुकरांनी धुमाकूळ घातला म्हणून वन विभागाकडं अर्ज केला, परवानगी मिळाली. नागपूरच्या दुकानदारानं एलजी, एसजी आणि एकगोळी म्हणजे स्लग, असे तीन पर्याय सांगितले. एक महागडी परदेशी स्लगही दाखवली. यातली कोणती घेऊ?

भाऊ, दुकानात विचारायचा प्रश्न तुम्ही नीट विचारला आहे, पण त्याचं उत्तर दुकानात नाही. ते तुमच्या बंदुकीच्या नळीत आहे आणि तुमच्या वावराच्या मातीत आहे. मी बत्तीस वर्षांपासून परवानाधारक आहे. वर्धा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमा जुळतात त्या पट्ट्यातल्या गावांत मी परवानगीनं डुकरं मारली आहेत आणि चुकाही केल्या आहेत. त्यामुळे थोडं लांबण लागेल, पण नीट सांगतो.

परवानगीचं आधी, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची मुभा कलम ११ खाली मिळते. ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी देतो. बंदुकीचा परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी. तुमच्या कागदावर गट नंबर, मुदत, किती जनावरं आणि कोणत्या अटी हे काय काय लिहिलं आहे ते दोनदा वाचा. शेजारच्या धुऱ्यापलीकडं गेलेलं डुक्कर तुमचं नाही, मग तुमचा हरभरा त्याच्या पोटात का असेना.

आता काडतुसाकडं येऊ.

एलजी आणि एसजी हे मोठे छरे. एलजीचा एक दाणा साधारण ९ मिलिमीटर जाडीचा आणि साडेचार ग्रॅमचा. नेहमीच्या २८ ग्रॅम भारात असे सहा बसतात. एसजीचे दाणे थोडे लहान, तेवढ्याच भारात आठ. स्लग म्हणजे तेवढंच सगळं शिसं एका तुकड्यात, २८ ग्रॅमची एकच गोळी. बार एकच, पण डुकराच्या अंगावर पोचतं ते फार वेगळं.

डुकराकडं नीट पाहा. थोराड एकट्या नराच्या खांद्यावर आणि छातीच्या बाजूवर कातडीखाली चिवट कुर्च्यासारखा जाड थर असतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात तेव्हा तोच थर त्यांची ढाल होतो. वरून चिखल वाळून बसलेला, त्यावर राठ केस. काळीज आणि फुप्फुसं या ढालीच्या आत, आणि बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा बरीच खाली असतात. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेतून वर जा, आणि छातीच्या तळापासून उंचीच्या एक तृतीयांशावर थांबा. तिथं एका मोठ्या थाळीएवढी जागा आहे, वीस-पंचवीस सेंटिमीटरची. तेवढीच कामाची. पाठीवरचे केस फुगलेले असल्यानं डुक्कर दिसतं त्यापेक्षा उंच वाटतं आणि माणूस वर मारतो. पाठीच्या कण्यावरून गेलेली गोळी डुकराला क्षणभर पाडते, मग ते उठतं आणि नाल्यात जातं.

आता एलजीचे सहा दाणे या थाळीत किती पडतात? ढोबळ हिशेब असा की मोकळ्या, म्हणजे तोंडाला न आवळलेल्या, नळीतून मोठे छरे दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर फाकतात. वीस मीटरवर झाला पन्नास सेंटिमीटरचा घेर. त्यात थाळीत दोन पडले तर नशीब, बाकीचे पोटात, पायात, किंवा मागच्या पिल्लाला. दहा-पंधरा मीटरवर, डुक्कर आडवं उभं असताना, एलजी काम करतं, हे मी नाकारत नाही. पण रात्री वावरात पंधरा मीटरवर डुक्कर शांत उभं राहील अशी जागा फार थोड्यांकडं असते.

हे मला शिकावं लागलं ते वाईट रीतीनं. हरभरा घाट्यावर आला होता, चांदणं होतं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलो होतो. चाळीस-पंचेचाळीस पावलांवर मोठा नर आला आणि मी एलजीचा बार टाकला. ठप्प असा आवाज आला, डुक्कर गुडघ्यावर बसलं, उठलं आणि नाल्याकडच्या घाणेरीत घुसलं. मी समजलो, सकाळी सापडेल. सकाळी शेळ्या घेऊन शेजारच्या गावची एक बाई नाल्यात उतरली आणि त्या जखमी डुकरानं तिची मांडी सुळ्यानं फाडली. ती वाचली, पण नंतर पाय ओढतच चालली. त्या दिवसापासून एलजी माझ्या पाकिटात फक्त जवळच्या अंतरासाठी असतं, आणि बार टाकायच्या आधी मी अंतर पावलांनी मोजून खुंटी ठोकून ठेवतो. एसजीचं तर नावच काढू नका. लहान दाण्याला ही ढाल आणखी जड जाते.

म्हणून वीस मीटरच्या पलीकडं माझं मत स्लगच्या बाजूनं आहे. मात्र स्लग ही एक जात नाही, तिथंच लोक फसतात.

एक आहे ब्रेनेके धाटणीची. जर्मनीतल्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ साली ती काढली. भरीव शिसं, अंगावर तिरप्या कडा, आणि मागं नमद्याचा किंवा प्लास्टिकचा गट्टू पेचानं गोळीलाच बसवलेला. तो गट्टू शेवटपर्यंत गोळीबरोबर जातो. दुसरी फॉस्टर धाटणी, अमेरिकेतली, १९३१ सालची. तिचं पोट मागून पोकळ, पेल्यासारखं. तिच्यातही जड भाग पुढं आणि हलका मागं. दोन्ही सरळ जातात त्या याच कारणानं. लहानपणी दगडाला चिंधी बांधून भिरकावला असेल, चिंधी मागं राहते आणि दगड सरळ जातो, तसंच. अंगावरच्या तिरप्या कडांमुळे गोळी रायफलच्या गोळीसारखी गरगर फिरते, असं दुकानदार सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका. त्या कडांचं खरं काम म्हणजे नळीच्या तोंडाला जागा अरुंद झाली की चेपून वाट काढणं.

डुकरासाठी या दोघींत मी भरीव, गट्टू चिकटलेली गोळी पसंत करतो. पोकळ गोळी मऊ असते, चपटी होते, मऊ अंगाच्या जनावराला ती भारी पडते. पण खांद्याच्या ढालीतून आणि हाडातून जाऊन आतपर्यंत पोचायचं असेल तर भरीव शिसंच हवं. आपल्याकडं रोटॅक्स या नावानं ओळखली जाणारी कडांची गोळी जुने परवानाधारक ओळखतात. ती मिळाली आणि तुमच्या नळीला मानवली तर परदेशी नावाच्या मागं लागायची गरज नाही.

तिसरी जात सॅबो. प्लास्टिकच्या कवचात बारीक गोळी बसवलेली असते आणि ती पिळाच्या, म्हणजे रायफलसारखे आतून आटे पाडलेल्या, नळीसाठी बनवलेली असते. आपली नळी गुळगुळीत. तिच्यातून ती गोळी आडवी-तिडवी लोळत जाते. तुम्हाला दाखवलेली महागडी परदेशी स्लग सॅबो तर नाही ना, हे पाकिटावर आधी वाचा. असेल तर तसेच हात जोडून परत द्या.

आता नळी. हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि सगळ्यात कमी बोलला जातो.

आजोबांच्या जुन्या दुनळीत बहुतेक वेळा उजवी नळी तोंडाला थोडी मोकळी आणि डावी आवळलेली असते, म्हणजे चोक. पूर्ण चोकमध्ये तोंड जवळजवळ एक मिलिमीटरनं आवळलेलं असतं. कडांची स्लग त्यातून निघून जाऊ शकते, पण मोकळ्या किंवा किंचित आवळलेल्या नळीतूनच ती नीट लागते आणि जुन्या लोखंडावर ताणही कमी येतो. मी स्लग फक्त उजव्या नळीत भरतो. साधी गोल गोळी चोकमधून कधीही मारू नका. आणि छऱ्याचं काडतूस उघडून त्यात घरी ओतलेली गोळी घालणारे लोक गावोगाव आहेत. अशानं तोंडाशी फाटलेली नळी मी हातात धरून पाहिली आहे, केळीची साल सोलावी तशी. तो माणूस वाचला होता. त्याची दोन बोटं वाचली नाहीत.

बंदूक उघडा, नळ्या काढा आणि बुडाशी, बंदुकीच्या मधल्या लोखंडी भागावर टेकणाऱ्या सपाट बाजूवरचे ठसे चांगल्या उजेडात वाचा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, ६५ मिलिमीटरचं आहे की ७० चं, हे तिथं कळतं. जुन्या विलायती बंदुका बऱ्याचदा ६५ च्या असतात, अडीच इंच असंही कोरलेलं असतं. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात घुसतं, झाकण लागतं, काही चुकलंय असं वाटतच नाही. पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते. ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब वाढतो. ७६ मिलिमीटरची मॅग्नम, म्हणजे आणखी लांब आणि जास्त जोराची काडतुसं, तर विचारातच घेऊ नका. आणि नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे दमास्कस नळी असेल, तर ती बंदूक पूजेला ठेवा. तिच्यातून आजचं काडतूस नको. ठसे वाचता आले नाहीत तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडं जा, अंदाजानं ठरवू नका.

हे झालं की चाचणी. हिच्याशिवाय मी कुणालाही स्लग घेऊन वावरात बसू देत नाही. परवान्यात बसेल अशा रीतीनं, शक्यतो शूटिंग रेंजवर, दोन प्रकारची काडतुसं पाच-पाच घेऊन जा. तीस पावलांवर पांढरा कागद, मध्ये पाच रुपयाच्या नाण्याएवढा काळा ठिपका, मागं मातीचा उंच बंधारा. दस्त्याखाली, हाताखाली ओल्या मातीनं भरलेला बारदाना ठेवून बसा आणि प्रत्येक बारानंतर नळी थंड होऊ द्या.

दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. छऱ्याचा घेर एका ठिकाणी जुळावा म्हणून त्या पुढं जवळ येतील अशा जोडलेल्या असतात. छऱ्याला ते मानवतं, एका गोळीला मानवेलच असं नाही. माझ्या बंदुकीची उजवी नळी तीस पावलांवर एक वीत डावीकडं मारते. हे मला पहिल्या चार वर्षांत माहीतच नव्हतं. दुसरं असं की आपल्याकडं मागं खाच नाही, फक्त टोकाला पितळी मणी आहे. म्हणजे मागची निशाणी तुमचा डोळाच. गाल दस्त्यावरून नखभर उचलला की गोळी वर जाते. रात्री डुक्कर नीट दिसावं म्हणून माणूस हमखास मान उचलतो. म्हणून चाचणीत गाल जिथं टेकतो तिथं मी दस्त्याला कापडी पट्टी गुंडाळतो. अंधारात गालाला ती लागली की कळतं, जागेवर आहे.

पाचही गोळ्या एका थाळीत पडल्या तर ते काडतूस तुमच्या बंदुकीचं. पडल्या नाहीत तर दुसरं. पाकिटावरचा फोटो आणि किंमत काहीही असो. थाळीत पाच पडतात ते सगळ्यात लांबचं अंतर तुमची हद्द. माझी चाळीस पावलं आहे. कुणी सांगेल स्लग शंभर मीटर जाते. जाते, त्याहून कितीतरी लांब जाते, अर्धा किलोमीटर सहज. तीच तर काळजी आहे.

कारण स्लग डुकरापाशी थांबत नाही. अंगातून आरपार जाऊ शकते, आणि चुकली तर पूर्ण जोरात पुढं जाते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत दर तिसऱ्या वावरात कुणीतरी जागलीवर असतं. कुणी मचाणावर, कुणी गोधडी घेऊन धुऱ्यावर. संध्याकाळी सातच्या आत आजूबाजूच्या सगळ्या वावरांत जाऊन सांगा, कोण कुठं झोपणार ते स्वतः पाहा. आणि मचाणावरूनच मारा. हिशेब सांगतो. बंदूक साडेतीन मीटर उंचीवर आणि डुक्कर पंचवीस मीटरवर असेल, तर गोळी त्याच्या मागं तीन-चार मीटरवर मातीत जाते. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात तर तीच गोळी डुकराच्या मागं आणखी वीस-पंचवीस मीटर गेल्यावर जमिनीला टेकते, आणि तीही इतकी तिरपी की मातीत रुतण्याऐवजी उडेल. धुऱ्यावर चढलेलं, आभाळाला टेकलेलं डुक्कर कितीही मोठं असो, बार नाही.

मातीचंही पाहा. पावसाळ्यानंतर ओलसर काळी कापसाची माती गोळी गिळते. मुरमाड बरड, दगडी बांध आणि उन्हाळ्यात भेगाळून विटेसारखी झालेली जमीन गोळी उडवते. भंडारा-गोंदियाकडं, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडं धानाच्या बांधीत पाणी असताना तिरपी गोळी पाण्यावरूनही उसळते. तिकडच्या माणसाला मी स्लग घेऊ नका असंच सांगतो, निदान बांधी आटेपर्यंत.

रात्री काळं ते सगळं डुक्कर नसतं. आपल्या भागात अस्वल बोरीखाली आणि मोहाखाली येतं, काळं, बुटकं, घसघस आवाज करत. सुटलेलं म्हशीचं पिल्लू असतं, कुत्रं असतं, एखादा माणूस डब्बा घेऊन बसलेला असतो. बॅटरी पूर्ण अंगावर टाका. लांब सोंड, पाठीवरची आयाळ आणि सरळ शेपूट, हे तिन्ही दिसल्याशिवाय चापावर बोट नको. मागं पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं असतील तर त्या मादीला मी जाऊ देतो. परवानगीत काहीही असो, हे माझं स्वतःचं.

काडतुसं जपायची. पावसाळ्यात कागदी नळकांड्याचं काडतूस फुगतं, मग चेंबरात अडकतं नाहीतर उडतच नाही. प्लास्टिकचं घ्या, पितळी बूड हिरवं पडलेलं बाजूला काढा. बार झाला नाही तर नळी खाली मातीकडं धरून निदान अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका. जुन्या काडतुसात दारू उशिरा पेटते. आणि स्लगचा धक्का छऱ्यापेक्षा जास्त बसतो. दस्ता सैल असेल तर आधी घट्ट करून घ्या.

बार लागला की काय करायचं, हे लोक विचारतच नाहीत. डुक्कर जागीच पडलं तरी तुम्ही मचाणावरच. निदान अर्धा तास. पळालं असेल तर जिथं उभं होतं तिथं चुना टाका किंवा काठी रोवा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, ते डुक्कर फार लांब जात नाही. गर्द काळपट रक्त म्हणजे यकृत, वेळ लागतो. रक्तात हिरवट घाण, आंबूस वास म्हणजे पोट, आणि मग रात्री तुम्ही कुठंही जायचं नाही. वनरक्षकाला फोन करा, सकाळी चार माणसं आणि वन कर्मचारी मिळून जा. चंद्रपूर, उमरेड, पांढरकवड्याकडं त्याच घाणेरीत वाघ बसलेला असू शकतो, हे तुम्हाला सांगायला नको.

वाघाचं नाव निघालं म्हणून एक मनापासून. गोळी महाग पडते, परवानगीला हेलपाटे पडतात, म्हणून कुणी म्हणेल, “कायले एवढा ताप घेता जी, धुऱ्यानं करंटाचा तार टाका.” टाकू नका. २०१७ साली नागभीडकडं श्रीनिवास नावाचा वाघ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. तारेला माणूसही तसाच चिकटतो, पहाटे पाणी द्यायला आलेला तुमचाच भाऊ असेल. मंजुरीचं सौर कुंपण वेगळं, ते क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं. शक्य असेल तर वावराच्या नाल्याकडच्या बाजूनं ते आधी करा. बंदुकीची पाळी कमी येईल.

मेलेलं डुक्कर तुमचं नाही. कलम ३९ प्रमाणे ते सरकारची मालमत्ता आहे. सुळे, मांस, कातडी, कशालाही हात लावायचा नाही, गावात कुणी कितीही मागितलं तरी. वन विभागाला कळवा, पंचनामा होऊ द्या. विल्हेवाट लावताना गोळीचं शिसं अंगात राहिलेलं मढं उघड्यावर पडू देऊ नका. गिधाडं आणि घारी ते खातात आणि शिशानं मरतात. खोल खड्डा करून पुरायला सांगा, जेसीबी गावात असतोच. रिकामं काडतूस मातीतून उचला आणि किती वापरली, किती उरली ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला दुकानदार आणि ठाणेदार दोघंही तेच विचारतील.